अँटीबॉडीजचा आकडा उतरला म्हणून मी खूश, आणि साडेचौदा हजार गेले

फोंड्याच्या आसपासच्या बायकांनी तरी हे वाचाच. मला थायरॉईड आहे, दोन वर्षं ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती, टीएसएच (गोळी पुरते की नाही ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, थायरॉईड कमी पडलं की आकडा चढतो) ३.१, म्हणजे सगळं ठीकच चाललेलं. चतुर्थीच्या आधी आमच्या इथे देवळाच्या हॉलमध्ये फुकट थायरॉईड कॅम्प लागला, शेजारच्या वहिनी निघाल्या म्हणून मी पण गेले, रक्त देऊन आले.

चार दिवसांनी फोन. मॅडम टीएसएच सोडा, तुमचा अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजचा आकडा, ४१२ आलाय, शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठलंय, डॉक्टर लोक गोळी देऊन मोकळे होतात मुळाशी कोणी जात नाही. मी घाबरले. हा हाशिमोटो नावाचा आजार, १९१२ साली एका जपानी डॉक्टरने लिहून ठेवलेलं, थायरॉईड कमी पडणाऱ्या कितीतरी जणांच्या रक्तात या अँटीबॉडीज असतातच, पण हे मला तेव्हा कोण सांगणार.

तीन महिन्यांचं पॅकेज साडेचौदा हजार, पावडर, कॅप्सूल आणि शेवटी परत टेस्ट. गोळी पंधरा दिवसांत बंद करा म्हणाले. आमचे हे म्हणाले डॉक्टरला विचार आधी, तर मी त्यांच्यावरच चिडले.

डिसेंबरात रिपोर्ट आला, अँटी-टीपीओ ११८. ४१२ वरून ११८! मी अख्ख्या वाड्यात सांगत सुटले, माझं ऐकून वहिनींनी आणि अजून एकीने पैसे भरले, त्याचं मला जास्त लागतंय. टीएसएच केलाच नव्हता, आता गरज नाही म्हणाले. आणि इकडे माझा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, गोव्यात कसली ती थंडी पण मी जत्रेला स्वेटरवर शाल घेऊन.

शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि आकड्यावर नाही, बाजूच्या बारीक अक्षरांवर पेन टेकवलं. पहिल्यात नॉर्मल ३४ च्या खाली, दुसऱ्यात ९ च्या खाली. लॅबच वेगळी, किट वेगळं. तेव्हा मर्यादेच्या बारा पट, आता तेरा पट, उतरलं काय? दोन किटचे आकडे एकमेकांशी लावायचेच नसतात म्हणाल्या, आणि ही टेस्ट निदानाला एकदा केली की सहसा पुरते, गोळीचा डोस टीएसएच बघून ठरतो. कॅप्सूलमध्ये बायोटिन नावाचं व्हिटॅमिन निघालं, त्याने काही मशिनवर थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येतात म्हणून आधी ते बंद करायला लावलं आणि मग रक्त घेतलं. टीएसएच २३.

गोळी परत सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, चहा तासाभराने, दीड-दोन महिन्यांनी परत टीएसएच. कॅम्पवाल्यांचा फोन बंद, देवळाची कमिटी म्हणते आम्ही फक्त हॉल भाड्याने दिला, बाटलीवर धड पत्ता नाही. पावती पण मागितली नव्हती मी, जीपेचा स्क्रीनशॉट तेवढा आहे, तो जोडून ग्राहक आयोगात तक्रार टाकणार आहे.

काल दोन्ही रिपोर्ट घेऊन वहिनींकडे गेले, पेनाने तेच ३४ आणि ९ दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग कपाटातला डबा काढून पावडर दुधात ढवळत म्हणाल्या, "अगो, पण तुझा आकडा तरी उतरला ना?"