पोस्टग्रेस १६ : परमिशन चुकली तर चालूच होत नाही, आणि म्हणूनच माझे साडेचार स्टार

मामाच्या कृषी सेवा केंद्राचं बिलिंग मी एका छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर) चालवतो, उबंटू लिनक्स आणि डेटाबेस पोस्टग्रेस १६. मागच्या आठवड्यात डिस्क भरली म्हणून नवी डिस्क जोडली, सर्व्हिस बंद करून डेटा फोल्डर तिकडे हलवलं, मालक पोस्टग्रेस युजर केला, कॉन्फिगमध्ये पाथ बदलला आणि स्टार्ट मारलं. स्टेटस बघितलं तर हिरवंगार ॲक्टिव्ह, आणि बिलिंग म्हणतंय कनेक्शन रिफ्यूज्ड!

पहिला तास इथेच गेला. उबंटूवर 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाची सर्व्हिस म्हणजे नुसती पाटी आहे हो, ॲक्टिव्हच्या पुढे कंसात 'एक्झिटेड' लिहिलेलं असतं ते नजरेतून सुटतं. खरा डेटाबेस 'पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन' या नावाने चालतो, स्टेटस त्याचं बघा, किंवा सरळ 'पीजी_एलएसक्लस्टर्स' मारा, तिथे डाउन असेल तर डाउनच दिसतं. अर्धा स्टार कापलाय तो यासाठी.

एरर होती ती डेटा फोल्डरपर्यंत पोहोचता येत नाही अशी. फोल्डरचा मालक बरोबर दिसत होता, रात्रीचे साडेबारा झालेले, सकाळी दुकान उघडायचं, मी घाईत नव्या डिस्कवर सगळीकडे ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारून टाकलं. तर पोस्टग्रेसने परत नकार दिला, पण या वेळी लॉगमध्ये स्वच्छ लिहून दिलं की डेटा डिरेक्टरीच्या परमिशन इनव्हॅलिड आहेत, आणि खालच्याच ओळीत काय हवंय तेही : ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) किंवा ०७५० (मालकाच्या ग्रुपलाही वाचता येईल असं).

मला हे मनापासून आवडलं. त्या फोल्डरमध्ये मामाच्या सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी आहे, ७७७ म्हणजे सर्व्हरवर लॉगिन असलेला कोणीही ती वाचणार, बदलणार, पुसणार. अशा अवस्थेत गुपचूप चालू होणाऱ्या डेटाबेसपेक्षा अडून बसणारा बरा. (०७५० ची सोय २०१८ च्या ११ व्या व्हर्जनपासून आली, ग्रुपमधल्या वेगळ्या युजरने बॅकअप घेता यावा म्हणून, त्याआधी फक्त ०७०० चालायचं.)

मूळ चूक वेगळीच होती. 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ दिला की रस्त्यातल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परमिशन ओळीओळीने दिसते. नवी डिस्क जिथे माउंट केली तो वरचा फोल्डर रूटचा (सर्व्हरच्या मुख्य ॲडमिनचा), ७००, म्हणजे पोस्टग्रेसला स्वतःच्या खोलीची किल्ली होती पण वाड्याचा दरवाजा बंद. वरच्या फोल्डरला ७५५ (बदल फक्त मालक करणार, आत इतरांनाही जाता येणार) पुरेसं होतं. मग ते केलं, आणि डेटाच्या आतले सगळे फोल्डर ७००, फाइली ६०० करून घेतल्या.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वाईट आहे असं अजिबात नाही, पण उबंटूवर त्याचं डेटा फोल्डर हलवलं की एरर १३ (परवानगी नाही) येतो, मालक बरोबर, परमिशन बरोबर, तरी सुरू होत नाही, कारण कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फोल्डरला हात लावायचा हे ठरवणाऱ्या ॲपआर्मरच्या प्रोफाइलमध्ये जुनाच पाथ असतो आणि ते कळायला कर्नलच्या लॉगमध्ये 'डिनाइड' शोधत बसावं लागतं.

रात्री दोनला 'पीजी_एलएसक्लस्टर्स'मध्ये माझा पोस्टग्रेस क्लस्टर ऑनलाइन दिसला. सकाळी मामाने युरियाच्या दोन गोण्यांचं बिल काढून फोटो पाठवला, बिल नंबर कालच्याच्या पुढचा, एकही एंट्री गेली नव्हती.