आजोबांचा लेथ की बाबांचं सीएनसी: दोन्हींतलं एकच ठेवायचं असेल तर

घरचं वर्कशॉप तिसऱ्या पिढीकडे येतं तेव्हा त्यात बहुधा दोन म्हातारी मशीनं असतात. एक आजोबांनी घेतलेला सेंटर लेथ, म्हणजे जॉब फिरवत हाताने कापायचं मशीन, आणि दुसरं बाबांनी हौसेनं आणलेलं, तेच काम प्रोग्रॅमवर आपोआप करणारं पहिलं सीएनसी टर्निंग मशीन. दोघांनाही मोठ्या दुरुस्तीची गरज असते, आणि जागा, पैसा, उसंत एकालाच पुरेल इतकी असते. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी जवळपास वर्षभर टाळाटाळ केली. तुम्हीही त्याच टाळाटाळीत असाल तर माझा अनुभव कामी येईल. मी अगदी तटस्थ नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

स्विंग किती, बेड किती लांब, मोटर किती अश्वशक्तीची, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला पाठ असेल.

आमच्याकडे मशीन बदललं ते काम बदललं म्हणून. आजोबांकडे मोडका शाफ्ट किंवा झिजलेला बुश घेऊन माणूस यायचा आणि "असाच एक करून द्या" म्हणायचा. ड्रॉइंग नसायचंच. बाबांच्या काळात ऑर्डरी दोनशे, पाचशे नगांच्या झाल्या. सोबत टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहिलेलं ड्रॉइंग, आणि पाचशेवा नग पहिल्यासारखाच हवा. आजोबांच्या लेथवर ते होत नव्हतं असं नाही, पण दुपारनंतर हात थकायचा आणि ते मापात दिसायचं. सीएनसी आलं आणि तो प्रश्न मिटला. तुमचं काम आजही असं नगांचं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. सीएनसी ठेवा.

वेगाच्या बाबतीतही लेथची बाजू लंगडी आहे. आमचा लेथ हायस्पीड स्टीलच्या टूलच्या हिशेबाने बांधलेला. त्याहून कठीण असं टूलचं कार्बाइड १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं खरं, पण त्याचा पुरता फायदा घ्यायचा तर जॉब फिरवणारा स्पिंडल जोरात फिरायला हवा आणि मशीन ताठ हवं. आमच्या लेथवर कार्बाइडची टिप लावून माइल्ड स्टील कापलं तर फिनिश ओरबाडल्यासारखं येतं. स्वतः ग्राइंड केलेलं टूल लावलं, वेग कमी ठेवला आणि थोडं तेल सोडलं की तोच जॉब चकचकीत निघतो. वेळ अर्थातच जास्त लागतो.

लेथचा सगळ्यात मोठा त्रास आट्यांचा. जॉबच्या फिरण्याबरोबर टूल सरकवणारा आमचा लीड स्क्रू इंची आहे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे १२७ भागिले ५. आणि १२७ ही मूळ संख्या, तिला भाग जात नाही. त्यामुळे त्यावर मेट्रिक आटे अचूक पाडायचे तर १२७ दातांचा गियरच चढवावा लागतो. आजोबा ४७ आणि ३७ दातांच्या जोडीवर भागवायचे. त्यात १०० मिलिमीटरला साधारण ०.०२ मिलिमीटरची चूक येते, आणि नटाएवढ्या लांबीत ती कोणाला कळत नाही. पण गियर कोणताही लावा, एक कटकट सुटत नाही. एकदा हाफ नट (टूलची गाडी लीड स्क्रूला जोडणारा) बसवला की शेवटच्या कटापर्यंत तो उघडायचा नाही. हाफ नट पुन्हा नेमका कधी बसवायचा ते दाखवणारी थ्रेड डायल इथे उपयोगाची नसते. प्रत्येक पासला टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवा, सुरुवातीला परत या. बाबांच्या मशीनवर जी ७६ या आटे पाडायच्या आज्ञेची एखाद-दुसरी ओळ लिहिली की तेच आटे चहा गार होण्याआधी तयार. चहाचं सोडा, पण फरक इतका आहे.

उलट बाजूही आहे. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या मशीनवर अजूनही व्हिटवर्थ आटे भेटतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ठरवलेला ५५ अंशांचा तो कोन. मेट्रिकचे ६०. इंची लेथला व्हिटवर्थ म्हणजे घरचं काम. हाफ नट खुशाल उघडा, डायलवर आकडा आला की बसवा. टूलही ग्राइंडरवर बसून गेज लावत घासलं की झालं, ५५ अंशांची टिप मागवून वाट पाहावी लागत नाही.

इथपर्यंत पारडं समसमान होतं. माझ्यापुरता निकाल लागला तो एका बॅटरीमुळे.

जुन्या सीएनसी कंट्रोलची पॅरामीटर, म्हणजे मशीनची मूळ मांडणी सांगणारे आकडे, बॅटरीवर टिकतात. मेन चालू असेल तर बॅटरीवर भार नसतो. मशीन बंद राहिलं की तीच ती स्मृती सांभाळते. एकदा कामच नव्हतं म्हणून आमचं सीएनसी दोन महिने बंद होतं. पुन्हा चालू केलं तर पडदा भरून अलार्म. प्रोग्रॅम गेले, टूलच्या मापांचे ऑफसेट गेले, त्याचं दुःख नव्हतं. पण पॅरामीटरही गेली होती. म्हणजे आपल्याला किती अक्ष आहेत, कोणत्या मोटरची दिशा कोणती, टूल धरणारा टरेट कुठे थांबतो, यातलं त्या मशीनला काहीही आठवत नव्हतं.

बाबा सावध माणूस. मशीन आलं त्याच आठवड्यात त्यांनी सगळी पॅरामीटर वहीत उतरवून ठेवली होती. त्यात बरीचशी आठ-आठ आकड्यांची, नुसती शून्यं आणि एक. पानंच्या पानं. मी वही उघडून बसलो आणि संध्याकाळपर्यंत भरत गेलो. एका ओळीत तेलकट बोट फिरलेलं होतं. तिथे शून्य आहे की एक, कळेना. मी शून्य धरलं. मशीन चालू झालं, पण टरेट संदर्भबिंदूकडे जायचं सोडून उलट्या दिशेला निघाला. बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाने कंट्रोलचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं असं सांगितलं आणि जुनं कार्ड मिळेल का याचा शोध सुरू झाला. तीन दिवसांनी मी सहज तो शून्य बदलून एक केला. मशीन सुतासारखं सरळ.

मशीनवर अन्याय नको म्हणून सांगतो, हे सगळं टाळता येण्यासारखं होतं. बॅटरी वर्षातून एकदा बदलायची, आणि बहुतेक जुन्या कंट्रोलवर ती मशीन चालू ठेवूनच बदलायची असते. पॅरामीटर पंचवीस पिनांच्या पोर्टवरून कॉम्प्युटरवर घेऊन ठेवायची. त्या प्रकारानंतर मी दोन्ही केलं, आणि तसं पुन्हा झालं नाही. पण मन फाटलं ते फाटलं. १९५२ साली एमआयटीत आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा ते आकडे कागदी पट्टीवर भोकं पाडून दिलेले होते. पट्टी फाटली तर चिकटवता तरी येत होती.

त्याच दोन महिन्यांत लेथही बंदच होता. बेडवर गंजाची पुसट साय आली होती. रॉकेलच्या बोळ्याने पुसली, वंगण घातलं, स्विच दाबला. लीड स्क्रू आणि बदलते गियर ही जोडणी हेन्री मॉडस्लेच्या १८०० च्या सुमाराच्या लेथपासून चालत आलेली. त्यात जे लक्षात ठेवायचं ते लोखंडाच्या दातांतच असतं.

झिजेचं काय, असं तुम्ही विचाराल. लेथचा बेड चकजवळ झिजतो, कारण आखूड जॉब तिथेच होतात. आमचा किती झिजलाय ते मी डायल लावून मोजलं नाही. हातभर शाफ्ट वळवला आणि एकच बेअरिंग दोन्ही टोकांनी सरकवून पाहिलं. एका बाजूने सहज गेलं, दुसऱ्या बाजूने अर्ध्यात अडलं. तेवढ्याने कळलं. बेड ग्राइंड करून आणला आणि त्यावर सरकणारं सॅडल हाताने घासून (स्क्रेप करून) बसवलं. सीएनसीचा टूल सरकवणारा बॉल स्क्रूही झिजलेला होता. तिथला प्ले (ढिलेपणा) पॅरामीटर घालून थोडा झाकता येतो, पण स्क्रू मधेच जास्त आणि कडेला कमी झिजला असेल तर एका आकड्याने भागत नाही.

आणखी एक गोष्ट, कदाचित माझ्या कौलातली ही भावनेची बाजू असेल. लेथच्या क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचा) नट झिजला होता. नवा गनमेटलचा नट मी त्याच लेथवर केला. जुना नट जागेवर, त्यातला प्ले सांभाळत, आतले आटे पाडले आणि मग नवा बसवला. सीएनसीचं कार्ड सीएनसीवर करता येत नाही.

माझं काम आता पुन्हा आजोबांसारखं एक-दोन नगांचं झालंय, म्हणून मला हे परवडलं. तुमचं मशीन रोज चालू राहणार असेल तर माझी बॅटरीची रड तुम्हाला लागू नाही. आठवड्यातून दोनदाच स्विच दाबणार असाल तर मी लेथच म्हणेन.

सीएनसी ज्यांच्याकडे गेलं ते त्यावर दोन पाळ्या चालवतात. कॉम्प्युटरवरची फाइल दिली, तशी बाबांची वहीही दिली. त्या तेलकट ओळीवर लाल पेनाने ठळक एक काढून.