कसाऱ्याच्या बोगद्यात टिकतो तोच गेम

नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्या पासवाल्यांपैकी मी एक. बाकीचे पत्ते कुटतात, मी खिडकीला टेकून गेम खेळतो. त्यामुळे प्ले स्टोअरमधून घेतलेल्या गेमची माझी परीक्षा ठरलेली आहे. इगतपुरी सुटली की बोगदे लागतात, रेंज जाते आणि फुकटातले निम्मे गेम 'इंटरनेट तपासा' म्हणत हात वर करतात.

जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप्ससह उघडलं. त्याच वर्षी अँड्रॉइड मार्केट आलं, २०१२ मध्ये त्याचंच गूगल प्ले झालं. त्याआधी हातात धरून मोठे गेम खेळायचे तर बहुतेक गेमबॉय, पीएसपी असं वेगळं यंत्र लागायचं. आमच्या गल्लीत पीएसपी दिसली ती कुणाच्या तरी दुबईच्या मामामुळे, आणि हातात मिळाली दहा मिनिटं. फोनमध्येच दुकान आल्यावर मामाची गरज संपली. बटणं मात्र गेली, काचेवर अंगठा घासत मारामारी करायची मजा मला अजून जमलेली नाही.

फुकट गेम घेताना नावाखालची बारीक ओळ वाचा: 'जाहिराती आहेत', 'ॲपमधील खरेदी'. मी वाचली नव्हती. भाच्याने अशाच एका गेममध्ये हिऱ्यांची पिशवी घेतली आणि माझे ७९९ रुपये उडाले. खरेदीला पासवर्ड लावायची सोय स्टोअरच्या सेटिंगमध्ये होती, आळस माझा.

आता मी विकतचेच गेम घेतो. सगळ्यात कामाची सोय म्हणजे प्ले स्टोअरवर पैसे भरल्यापासून दोन तासांच्या आत गेम परत करता येतो. फलाटावर घ्यायचा, घाटात खेळून बघायचा, नाहीच पटला तर खर्डीच्या आसपास रेंज आली की परत.

या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले स्टारड्यू व्हॅलीला. चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं एरिक बॅरोन या एकट्या माणसाचं. २०१६ मध्ये संगणकावर आला, २०१९ मध्ये अँड्रॉइडवर. एकदा पैसे भरले की जाहिरात नाही, नेट नाही. संगणकावर गेममधला दिवस संपवून झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. फोनवर मधेच साहेबांचा कॉल आला तरी जिथे होतो तिथून पुढे खेळता येतं.

गेम शेतीचा आहे आणि मी निफाडकडचा, तेव्हा द्राक्षं लावणं आलंच. दहा दिवसांत घड! पुढे दर तीन दिवसांनी तोडा. ना भुरी-डावणीसारखे रोग, ना ऑक्टोबर छाटणी. फक्त मांडवाखालून जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. आमचं बालपण मांडवाखाली वाकून जाण्यात गेलं, त्यामुळे हे फार खटकतं.

रविवारी आण्णांना दाखवला. दहा दिवसांचं ऐकून ते म्हणाले, "मग ह्यांना सोसायटीचं कर्ज कशाला लागेल?" फोन हातात घेऊन मात्र चांगला अर्धा तास झारीने पाणी घालत बसले. शेवटी चष्मा काढत वैतागून म्हणाले, "ठिबक कुठंय रे याच्यात?"