लिबफोननंबर-जेएस: नंबर ओळखण्यात पक्की, टाइप करताना अडवणारी

वेब फॉर्ममधल्या फोनच्या रकान्यासाठी स्वतःच रेजेक्स (मजकूर ठराविक साच्यात बसतो का ते तपासणारं सूत्र) लिहावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण इटलीतल्या लँडलाइनचा सुरुवातीचा शून्य +३९ नंतरही ठेवावा लागतो, ब्रिटनमधला +४४ लावला की काढावा लागतो. घरगुती रेजेक्स इथेच आडवा पडतो. गूगलच्या लिबफोननंबरवर बेतलेली ही हलकी जावास्क्रिप्ट लायब्ररी असले फरक चोख सांभाळते.

मेख आहे ती मेटाडेटात, म्हणजे देशोदेशीच्या नंबरांच्या नियमांच्या संचात. डीफॉल्ट 'मिन' संच साधारण ८० केबीचा. त्यात बहुतेक देशांचे कडक नियमच नाहीत, त्यामुळे नंबर नियमात बसतो का हे सांगणारं 'इज-व्हॅलिड' जेमतेम लांबी पाहून होकार देतं. 'मॅक्स' संच १४५ केबीच्या आसपास. ब्राउझरमध्ये मिन आणि सर्व्हरवर मॅक्स लावलात, तर फॉर्मने पास केलेला नंबर सर्व्हर परत पाठवतो आणि दोष कुठे ते चटकन सापडत नाही. शिवाय नवी नंबरमालिका सुरू झाली की जुनी आवृत्ती खऱ्या ग्राहकालाही खोटं ठरवते. म्हणून सबमिट अडवायचं तर फक्त 'इज-पॉसिबल'वर, म्हणजे निव्वळ लांबीच्या तपासणीवर. 'इज-व्हॅलिड' नापास झाला तर 'नंबर पुन्हा पाहा' एवढंच म्हणा. नंबर चालू आहे की नाही हे तसंही ओटीपीशिवाय कळत नाही.

'अ‍ॅज-यू-टाइप' फॉरमॅटर (टाइप होत असतानाच नंबर कंस-मोकळ्या जागांसह मांडणारा) मात्र थेट रकान्याला जोडू नका. अमेरिकेचा २१३ टाइप केला की (२१३) होतो. बॅकस्पेसने शेवटचा कंस खोडला, की तो लगेच परत उगवतो! मधला आकडा बदलायला गेलं तर कर्सर शेवटाला पळतो. रकाना सोडल्यावर एकदाच फॉरमॅट करणं बरं. आणखी एक: देवनागरी आकडे लायब्ररीला कळत नाहीत, आधी रोमन करून द्या.

बाकीचं काम लायब्ररीचं नाही, तुमचं. रकान्याचा टाइप 'टेल' ठेवा. 'नंबर' ठेवलात तर पुढचं अधिकचिन्ह आणि शून्य हातचे जातात. मॅक्सलेंग्थ (रकान्यातल्या अक्षरांची कमाल मर्यादा) १० नको, कारण देशाच्या कोडसकट पेस्ट केलेल्या नंबरचं शेपूट बिनबोभाट कापलं जातं. साठवायचं ते ई.१६४ रूपात (अधिकचिन्ह, देशाचा कोड आणि नंबर सलग लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत), डेटाबेसच्या टेक्स्ट कॉलममध्ये: जास्तीत जास्त १५ आकडे आणि एक अधिकचिन्ह, म्हणजे १६ अक्षरं पुरतात. एक्स्टेन्शन त्यात बसत नाही, त्याला वेगळा कॉलम द्या. दाखवताना 'फॉरमॅट-इंटरनॅशनल' वापरा, पण दाबल्यावर फोन लावणाऱ्या 'टेल' लिंकमध्ये ई.१६४च घाला.