बोर्निओच्या वर्षावनात ८×४२ दुर्बीण: काही महिन्यांच्या वापरानंतर

साबा या बोर्निओतल्या मलेशियन राज्यामधली डानम व्हॅली आणि किनाबातांगन नदी, दोन्हीकडे हीच दुर्बीण गळ्यात होती. ८×४२ म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमी रुंद असलेली. दुकानदार १०×४२ गळ्यात मारायला बघतात. आकडा मोठा, एवढंच त्याचं कारण. वर्षावनासाठी ८×४२ च घ्या.

खरा प्रश्न उजेडाचा आहे. डिप्टेरोकार्प (आपल्या सालवृक्षाच्या कुळातल्या) झाडांचं छत ५०-६० मीटर उंच, त्यामुळे जमिनीवर भर दुपारीही तिन्हीसांज. ४२ ला ८ ने भागलं तर डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी रुंद, १० ने भागलं तर ४.२. पाचोळ्यात टुणटुणणारा पिट्टा, म्हणजे आपल्या नवरंगाचा भाऊबंद, एवढ्या फरकानेच दिसतो किंवा निसटतो. होडीतून लांबनाकी प्रोबॉसिस माकडं बघताना तर १० पटीत हाताची थरथरही दहा पट. जवळात जवळचं फोकस २ मीटरपर्यंत हवं, नाहीतर पायवाटेवरचा सरडा धूसरच दिसणार.

छळते ती दमट हवा. आत नायट्रोजन भरलेला असला तरी काच बाहेरून धुरकटतेच. एसीच्या खोलीतून पहाटे बाहेर पडलात की गार काचेवर दव जमतं आणि पहिला अर्धा तास फुकट जातो. म्हणून रात्री दुर्बीण एसीबाहेर ठेवा. ओली काच टी-शर्टने पुसू नका, धुळीचे कण काचेवरच्या लेपावर चरे पाडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. डीट (डास पळवणारं रसायन) असलेला कीटकरोधक लावलेल्या हाताने ती धरू नका, रबर चिकट होतं.

मुक्कामी ओल्या पिशवीत बंद ठेवली तर बुरशी ठरलेलीच. हवाबंद डबा आणि सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) वापरा. खड्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवा.

मानेवरचा पट्टा घामाने काचतो, त्यापेक्षा दोन्ही खांद्यांचा हार्नेस बरा. ६५०-७०० ग्रॅम वजन दिवसभर जाणवत नाही. जळूमोज्यांवर (जळवा अडवणाऱ्या लांब मोज्यांवर) मात्र फार विसंबू नका. तपकिरी जळवा जमिनीवरून येतात, त्या मोज्यांना अडतात. टायगर लीच ही दुसरी जळू गुडघा-कमरेच्या उंचीच्या पानांवर टपलेली असते आणि तुम्ही मान वर करून धनेश शोधत उभे असताना थेट शर्टावर चढते. शर्ट खोचलेलाच हवा.

एक उणीव आहे: पांढऱ्या आभाळापुढे बसलेल्या धनेशाच्या कडेला जांभळी किनार दिसते. ईडी काचेत (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेत) ती बरीच कमी होते, पण किंमत वाढते. आणि धुकं आतल्या काचांवर दिसलं तर स्वतः स्क्रू खोलू नका. नायट्रोजन निघून जातो आणि वॉरंटीही.