तुटलेल्या नखाची डागडुजी: गिटारवाल्यांसाठी पाच उपायांची पारख

अनामिकेचं नख कोपऱ्यातून तडकलंय आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनची संगीत परीक्षा चार दिवसांवर आलीय, अशा वेळी क्लासिकल गिटार वाजवणारा माणूस हाताला येईल ते नखाला लावतो. त्यालाही इलाज नसतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. बोटाच्या टोकापुढे दीड-दोन मिलिमीटर नख लागतं, म्हणजे बोटाच्या कडेपर्यंत तुटलेलं नख वाजवण्याजोगं व्हायला अडीच-तीन आठवडे सहज जातात. तोवर काय करायचं? आपल्याकडे सहज मिळणारे पाच उपाय इथे पारखले आहेत: फेविक्विक आणि पातळ पट्टी, डिप पावडर, पार्लरमधलं जेल किंवा ॲक्रिलिक, चिकटवायची तयार नखं आणि टेबल टेनिसचा चेंडू. उपाय किती दिवस टिकतो हे मी दुसऱ्या नंबरला ठेवलंय. पहिली कसोटी ही, की तो उपाय काढल्यावर खालचं नख कसं राहतं. नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि तेही थरांचं. प्रत्येक वेळी वरचा एक पापुद्रा उपटून निघाला तर चार महिन्यांत खाली कागद उरतो. मग उपायाचीच सवय लागते.

आधी तुटण्याचं कारण बघावं, कारण डागडुजी कुठे करायची ते त्यावर ठरतं. नख बहुतेक वेळा कडेला तडकतं, जिथे ते मांसापासून सुटतं त्या बिंदूपाशी. तिथे फाइलने खोबण पडली असेल किंवा कोपरा टोकदार राहिला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. अंगठ्याचं नख ज्या कडेने खर्जाच्या तारेला लागतं, त्याच कडेला जातं. त्या तारांवर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी असते आणि ती कानशीसारखी घासते. दुसरं कारण पाणी. भांडी, कपडे, अंघोळ, पोहणं यात नख पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं आणि टोकाशी पापुद्रे सुटू लागतात. म्हणून भांडी घासताना उजव्या हातात हातमोजा घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याला डागडुजी म्हणत नाहीत एवढंच.

पहिला उपाय, आणि माझ्या मते पहिलाच क्रमांक: फेविक्विक आणि पातळ पट्टी. ट्यूब पाच-दहा रुपयांची, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आतला पदार्थ सायनोॲक्रिलेट. तो हवेतल्या आणि नखावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. पट्टीसाठी नेल रॅपचं (नखाला मजबुती द्यायला वरून चिकटवायचं) रेशीम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर चहाची पिशवी रिकामी करून, धुऊन, पूर्ण वाळवून तिचा कागद घ्या. त्यातले धागे लांब आणि चिवट असतात, डिंक प्यायल्यावर तो जवळजवळ पारदर्शक होतो. टिश्यूचा एक पदरही चालतो, पण वाकवला की लवकर तुटतो.

तडा गेला असेल आणि तुकडा अजून लटकत असेल तर तो कापू नका. तोच तुकडा सगळ्यात चांगला जोड आहे. हात साबणाने धुवा, पुसा आणि अर्धा तास थांबा, कारण फुगलेल्या नखावर चिकटवलेली पट्टी नख वाळताना सुटते. मग स्पिरिटने पुसा. ४०० किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने तड्याच्या आजूबाजूची चकाकी तेवढी घालवा, नख खरवडू नका. पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना तीनेक मिलिमीटर जाईल एवढी कापा, कोपरे गोल करा. ती त्वचेला किंवा क्युटिकलला (नखाच्या मुळाशी असलेल्या पातळ कातडीला) टेकता कामा नये. टेकली तर त्या कडेने पाणी आत शिरतं.

आता मुख्य चूक इथे होते: ट्यूब थेट नखावर दाबली जाते. तसं करू नका. दुधाच्या पिशवीच्या तुकड्यावर एक थेंब काढा, त्या प्लास्टिकला फेविक्विक धरत नाही. टूथपिकच्या टोकाने तो थेंब उचलून तड्यावर टेकवा. तडा तो स्वतःहून आत ओढून घेतो, चीर ओली होऊन गडद दिसते आणि मग दिसेनाशी होते. दोन मिनिटं तुकडा जागेवर धरून ठेवा. मग पट्टी ठेवून तिच्यावर दुसरा पातळ थर द्या, पाच मिनिटांनी तिसरा. तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी मजबूत होतात. जाड थेंब वरून कडक आणि आतून ओला राहतो, शिवाय त्याच्या वाफेने भोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते. शेवटच्या थरानंतर अर्धा तास थांबा. मग ६००, १०००, १५००, २००० अशा क्रमाने घासा. पट्टीच्या कडा अशा उतरत्या करा की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. पायरी राहिली तर तिथेच केस अडकतात, टॉवेलचा धागा अडकतो आणि पट्टी उचलली जाते.

घाई असली की काही जण वर खाण्याचा सोडा भुरभुरवतात. डिंक क्षणात दगड होतो हे खरं, पण तो जोड ठिसूळ होतो, कडेने खडूसारखा झडतो आणि घट्ट होताना चटका बसतो. टोकाची जाडी वाढवायला चिमूटभर सोडा ठीक, तड्यावर नको. आणि कापूस अजिबात जवळ आणू नका. सायनोॲक्रिलेट कापसात मुरलं की इतकं तापतं की धूर निघतो, बोट भाजतं. सांडलेला थेंब कापसाने किंवा सुती रुमालाने टिपायची सवय असेल तर ती इथे मोडायलाच हवी.

अशी डागडुजी आठ-दहा दिवस वाजवायला पुरते. हा डिंक ताण सहन करतो, पण सोलल्यासारखा ओढला तर सुटतो, आणि पाण्याने हळूहळू कमजोर होतो. कडा उचललेली दिसली तर ती नखाने उकरू नका. ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायच्या द्रवात) दहा मिनिटं भिजवा, ती मऊ होऊन निघते. ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलेला रिमूव्हर इथे फारसा उपयोगी नाही, बाटली वाचून घ्या. हे सगळं काम गिटारपासून लांब, दुसऱ्या टेबलावर करा. ॲसिटोनचा एक थेंब लाखेच्या किंवा लॅकरच्या पॉलिशवर पडला तर तिथली झिलई कायमची जाते. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो टिकाऊपणासाठी.

दुसरा उपाय डिप पावडर, आणि ज्यांची नखं मुळातच पातळ आहेत त्यांनी हा नक्की बघावा. यातलं द्रव म्हणजे पुन्हा सायनोॲक्रिलेटच, ब्रशच्या बाटलीत भरलेलं. त्यावर ॲक्रिलिकची बारीक पावडर टाकायची आणि वर ॲक्टिव्हेटर, म्हणजे थर घट्ट करणारं द्रव, फिरवायचा. जेल घट्ट करायला लागतो तसा यूव्ही लॅम्प यात लागत नाही. पारदर्शक पावडर घ्या, रंगीत घेतली तर खालचा तडा वाढतोय का ते दिसत नाही. तड्यावर आधी रेशमाची पट्टी, मग दोन थर पुरेत. तिसरा दिला की नख वाकायचं थांबतं आणि तारेवर टकटक ऐकू येतं. बोट डबीत बुडवू नका, चमच्याने पावडर वर भुरभुरवा, म्हणजे डबी स्वच्छ राहते. एक गफलत मात्र हमखास होते: ॲक्टिव्हेटर ओला असताना द्रवाचा ब्रश नखाला लागतो, तो तसाच बाटलीत जातो आणि दुसऱ्या दिवशी ब्रश दगड झालेला असतो. प्रत्येक वेळी दोन मिनिटं वाळू द्या आणि ब्रश पुसूनच बाटलीत ठेवा. टिकतं दोन ते तीन आठवडे. काढताना वरची चकाकी फाइलने घालवायची आणि ॲसिटोनमध्ये पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं, नख बऱ्यापैकी शाबूत निघतं. चार गुण.

पार्लरमधल्या जेलबद्दल आणि ॲक्रिलिकबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नखं तिथेच खराब होतात आणि त्यात कारागिराचा दोष कमी, आपल्या सांगण्याचा जास्त असतो. पार्लरला लग्नाची नखं करायची सवय असते: लांब, चकचकीत, मध्ये फुगीर. गिटारला हवं असतं याच्या बरोबर उलट. त्यामुळे खुर्चीत बसण्याआधीच स्पष्ट सांगा. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची तीन बोटं, एवढीच चार नखं करायची, करंगळी नको. नखावर मशिन चालवायचं नाही, हातातल्या १८० च्या फाइलने हलकं घासायचं. वेगळी टिप (लांबी वाढवणारा प्लास्टिकचा तुकडा) लावायची नाही. थर पातळ ठेवायचा, पुढे दोन-तीन मिलिमीटर जास्त सोडायचं आणि आकार द्यायचा नाही, तो आपण घरी देऊ. हे सांगताना संकोच वाटू देऊ नका. मशिन नखावर जोरात फिरलं की जो थर जातो तो परत यायला नख मुळापासून वाढावं लागतं, म्हणजे जवळजवळ सहा महिने.

जेलमध्ये भिजवून निघणारं आणि न निघणारं असे दोन प्रकार आहेत. दुसरं ॲसिटोनला दाद देत नाही, घासूनच काढावं लागतं. म्हणून आधी विचारा आणि पहिलंच घ्या. लॅम्पखाली चटका बसला तर हात लगेच बाहेर काढा, थर जाड झालाय असं समजा. ॲक्रिलिकच्या बाबतीत वासावर लक्ष ठेवा. काही ठिकाणी स्वस्त पडतं म्हणून मिथाइल मेथाक्रिलेटचं द्रव वापरतात. ते इतकं कडक होतं की ठेच लागली तर ॲक्रिलिक न तुटता खालचं नखच उखडतं, आणि ॲसिटोनमध्येही सहज विरघळत नाही. इथाइल मेथाक्रिलेटचं द्रव असेल तरच बसा.

दोन धोके लक्षात ठेवा. जेल कडेने सुटून आत पाणी साचलं की नखाखाली हिरवट डाग दिसतो. तो जिवाणूंचा असतो. वरून नवीन थर देऊन झाकू नका, सगळं काढा आणि नख कोरडं राहू द्या. दुसरा धोका ॲलर्जीचा. न वाळलेलं जेल पुन्हा पुन्हा त्वचेला लागलं तर नखाभोवती खाज, लाली, भेगा येतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि पुढे दात भरायच्या साहित्यातली त्याच जातीची द्रव्यंसुद्धा त्रास देऊ शकतात. घरी लॅम्प आणून शिकणाऱ्यांनी हे आधी वाचावं. स्टीलच्या तारा रोज तास-तास बोटांनी वाजवणाऱ्यांना आणि फ्लेमेंको ही स्पॅनिश शैली वाजवणाऱ्यांना जेलला पर्याय नाही हे मान्य, कारण त्यांच्या नखाची झीज वाढीपेक्षा जास्त असते. बाकीच्यांसाठी तीन गुण.

नख पूर्णच गेलं असेल, मांसाच्या आत तुटलं असेल, तर पट्टीला धरायला जागाच नसते. तिथे चिकटवायची तयार नखं. कॉस्मेटिकच्या दुकानातल्या पाकिटातून बोटाच्या रुंदीचं निवडा. अरुंद घेतलं तर कडेने तार आत घुसते. सोबतच्या चिकट टॅबवर दोन-तीन तास निभावतं, मग घामाने सरकायला लागतं. फेविक्विकने लावलं तर दिवस वाढतात, पण ओढून काढलंत तर पापुद्रा घेऊनच येतं. इथेही ॲसिटोनच. आवाज पातळ आणि सपाट येतो, कारण खालची कड कापल्यासारखी तीक्ष्ण असते. ती २००० च्या कागदाने आतून गोल केली की बराच फरक पडतो. कार्यक्रमापुरता उपाय, अडीच गुण.

टेबल टेनिसच्या चेंडूची चाल जुनी आहे. चेंडूतून नखाच्या आकाराचा तुकडा कापायचा, गरम पाण्यात मऊ करून पेन्सिलीवर वाकवायचा आणि नखाखाली किंवा वर चिकटवायचा. जुना सेल्युलॉइडचा चेंडू या कामाला सुरेख होता. नखासारखा लवचीक, आवाजही गोल. पण २०१४ पासून स्पर्धांत बिनसेल्युलॉइडचे चेंडू आले, त्यामुळे आता दुकानात बहुधा दुसरंच प्लास्टिक हातात पडतं. ते जास्त ताठ असतं. खेळण्यातला स्वस्त चेंडू पॉलिप्रॉपिलिनचा असला तर त्याला फेविक्विक धरतच नाही. जुना सेल्युलॉइडचा मिळाला तर ज्योतीजवळ नेऊ नका, भडकन पेटतो. दोन गुण, तेही जुन्या चेंडूचे.

उपाय कोणताही असो, शेवटचं काम एकच. २००० च्या कागदाची घडी पहिल्या तारेवर ठेवा, खरखरीत बाजू वर, आणि नेहमीसारखं वाजवा. बोट ज्या कोनात तारेवर येतं त्याच कोनात नखाची कड घासली जाते, फाइलने हातात धरून जे जमत नाही ते इथे आपोआप होतं. वीस-पंचवीस आघात, मग कागद काढून ऐका. खरखर राहिली तर ती जोडाच्या खालच्या बाजूची आहे, वरून कितीही घासलं तरी जाणार नाही.

आणि यातलं काहीच नको असेल तर नखाशिवाय वाजवा. स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोर (१७७८–१८३९) मांसाने, म्हणजे बोटाच्या टोकाने वाजवायचा, त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखाने, आणि पुढे फ्रान्सिस्को तार्रेगा या गिटारवादकानेही उतारवयात नखं सोडली. एक बोट नखाचं आणि दोन मांसाची असं मात्र करू नका. ट्रेमोलोमध्ये, म्हणजे एकच तार तीन बोटांनी आळीपाळीने भरभर छेडताना, त्या बोटाचा स्वर लगेच वेगळा ऐकू येतो. त्यापेक्षा तिन्ही नखं कापून आठवडाभर तसंच वाजवलेलं बरं.

उरलेल्या ट्यूबचं काय? टोचलेली ट्यूब टोपण लावून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे ओली राहते. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तासभर थांबा, नाहीतर थंड तोंडावर दव धरतं आणि ट्यूब तिथेच बंद होते.