वेळासचा घरगुती मुक्काम: यजमान काय सुचवतात आणि त्यातलं काय घ्यावं

कासवांच्या हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जायचं तर मुक्काम गावातल्या घरांतच करायचा. ओटीवर किंवा माजघरात गाद्या, माणशी दर, त्यातच चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. बुकिंगचा फोन लावला की यजमान खोलीबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि आसपास काय बघायला आहे याबद्दल दहा. कासवाची पिल्लं, बाणकोटचा किल्ला, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, हर्णैचा मासळी लिलाव, शिमग्याची पालखी. सगळ्या घरांत यादी जवळपास हीच ऐकू येते. घराघरांत फरक पडतो तो तारखांच्या हिशेबात. पिल्लं घरट्याच्या वयावर बाहेर पडतात, पालखी तिथीवर निघते, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीवर होते आणि लिलाव होड्या परतण्यावर ठरतो. तुमच्या तारखा ऐकून यादीतली दोन ठिकाणं स्वतःहून खोडणारा यजमान मिळाला तर तेच घर घ्यावं, मग संडास अंगणापलीकडे असला तरी चालेल.

पिल्लांपासून सुरुवात करू, कारण सगळे त्यासाठीच येतात आणि सर्वांत जास्त हिरमोडही तिथेच होतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या माद्या हजारोंनी एकदम येतात, तसं कोकणात होत नाही. इथे मादी एकेकटी, बहुधा रात्री येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू थापते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासमध्ये संरक्षणाचं काम सुरू केलं. तेव्हापासून गावातले कासवमित्र भल्या पहाटे किनारा फिरतात, मादीच्या पायांचा माग काढून घरटं शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात पुरतात. हे काम घाईनं करावं लागतं. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि त्यानंतर अंडं उलटसुलट झालं तर तो मरतो. हॅचरीत अंडं हातात घेऊन फोटो मिळेल का असं विचारणाऱ्याला कासवमित्र तुटक उत्तर का देतात, त्याचं कारण हे. शिवाय ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंड्याला किंवा पिल्लाला हात लावणं हा गुन्हाही आहे.

अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. दिवस कमीजास्त होतात ते वाळूच्या उष्णतेमुळे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पुरलेलं घरटं साठीकडे झुकतं, मार्चच्या तापलेल्या वाळूतलं पन्नाशीच्या आत फुटतं. पिल्लू नर होणार की मादी हेही याच उष्णतेवर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. म्हणून आगाऊ रक्कम पाठवण्याआधी यजमानांना एकच प्रश्न विचारावा: "काका, आमच्या तारखांना पंचेचाळीस ते साठ दिवसांची किती घरटी असतील?" हॅचरीत प्रत्येक घरट्याची तारीख आणि अंड्यांची संख्या नोंदलेली असते, त्यामुळे विचारून सांगणं अवघड नाही. "चार आहेत, पण गार वारा चाललाय, दोन दिवस पुढे जातील" असं उत्तर आलं तर माणूस जाणकार. "रोज निघतात हो, या तुम्ही" म्हणणाऱ्याचा गुण तिथेच कापावा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घरटी पिकलेली कमी असतात आणि एप्रिलअखेर उरलेली कमी, म्हणून मार्च त्यातल्या त्यात भरवशाचा.

पिल्लं सोडण्याच्या वेळा दिवसाला दोन: सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पिकत आलेल्या घरट्यावर टोपली उपडी ठेवलेली असते. ती उचलल्यावर खाली ऐंशी पिल्लं असू शकतात, तीन असू शकतात किंवा नुसती वाळू. एका घरट्यातली पिल्लं दोन-तीन दिवस थोडी थोडी वर येतात, त्यामुळे काल खूप निघाली म्हणजे आज काहीच नाही असंही नसतं. हिशेब सोपा आहे. एक रात्र राहिलात तर दोन संधी, दोन रात्री राहिलात तर चार. शनिवारी दुपारी पोचून रविवारी सकाळी निघणाऱ्यांत रिकाम्या हाताने परतणारे बरेच. शुक्रवारी दुपारी पोचावं, आणि जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत यावं. पिल्लं तेवढीच, माणसं मात्र एक चतुर्थांश.

पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर सोडतात आणि ती आपली आपण सरपटत जातात. पाण्यात नेऊन सोडायला काय हरकत आहे, हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच. त्या सरपटण्यात पिल्लू वाळूची आणि समुद्राच्या दिशेची ओळख घेतं, असं मानतात. ते उजेडाकडे वळतं, समुद्रावरचं उघडं क्षितिज त्याला उजळ दिसतं. मागून फ्लॅश किंवा टॉर्च चमकली की पिल्लू गर्रकन उलटं फिरतं, आणि पाठोपाठ कासवमित्र तुमच्याकडे. दुसरी चूक लोकांना कळतही नाही: दोरीच्या आत आधी फिरून ठेवलेली पावलं. आपल्या टाचेचा खड्डा त्या पिल्लाच्या दृष्टीने विहीर असते. दोरीबाहेर राहावं, पुढच्या रांगेनं बसावं, मुलांना पुढे घ्यावं. सगळा कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांत संपतो, म्हणून सहाचा म्हणजे पावणेसहाला किनाऱ्यावर. गावातून किनारा चालत गाठायचा तर तो वेळ वेगळा धरावा, आणि परतीच्या अंधारासाठी टॉर्च लागतेच. ती किनाऱ्यावर खिशात ठेवावी.

रात्री मादी बघायला नेतो असं कोणी सुचवलं तर नाही म्हणावं. जागा शोधणाऱ्या मादीला माणसांची चाहूल लागली तर ती अंडी न घालता परत फिरते. त्याऐवजी हॅचरीपाशी थांबून कासवमित्रांना टॅगिंगबद्दल, म्हणजे कासवाला लावलेल्या खुणेच्या पट्टीबद्दल, विचारावं. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीला सॅटेलाइट ट्रान्समीटर लावला होता, तिचं नाव ठेवलं प्रथमा. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, या समजाला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. यजमानांच्या यादीत या गप्पा नसतात, पण संध्याकाळच्या कार्यक्रमाइतक्याच मोलाच्या असतात.

शिमगा हा यादीतला दुसरा मोठा ऐवज, आणि गोंधळही तिथेच सर्वांत जास्त. कॅलेंडरवर होळी कधी आहे ते बघून येणाऱ्यांना पालखी दिसेलच असं नाही. काही गावांत शिमगा फाल्गुन शुद्ध त्रयोदशीचा, त्याला तेरसे शिमगे म्हणतात. काही गावांत पौर्णिमेचा, तो भद्रेचा. ग्रामदेवतेची रुपी, म्हणजे मुखवटे, पालखीत लागली की आधी होमाभोवती पालखी नाचवतात आणि मग पुढचे काही दिवस ती घरोघर फिरते. कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, हे गावकीत ठरतं, म्हणून यजमानांना वाडीचं नाव आणि वेळ दोन्ही विचारून घ्यावं. पाहण्यासारखं म्हणाल तर आमच्या मते पौर्णिमेच्या गर्दीपेक्षा नंतर घरी येणारी पालखी: अंगणात रांगोळी, ओटी भरणं, नवस बोलणं, ढोलाच्या ठेक्यावर खांद्यावरची पालखी हलकी होऊन नाचणं, आणि सोबत संकासूर, गोमू ही शिमग्याची सोंगं. पालखीपुढे चपला काढाव्यात आणि फोटोसाठी वाट अडवू नये. खांदा द्यायची इच्छा असेल तर घरच्या माणसामार्फत विचारावं, आपण होऊन पुढे घुसू नये. अडचण अशी की याच दिवसांत चाकरमानी मुंबईहून घरी आलेले असतात. काही घरं पाहुणे घेतच नाहीत, घेतात तिथे काकूंच्या हाताला उसंत नसते आणि एसटीत पाय ठेवायला जागा नसते. पालखी आणि पिल्लं एकाच फेरीत साधायची तर बुकिंग महिनाभर आधी.

हरिहरेश्वर सावित्री नदीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यात. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट जाते, गाडीही तिच्यात चढते. देऊळ केव्हाही बघता येतं, पण देवळामागच्या पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या कातळावरून जी प्रदक्षिणा आहे, ती ओहोटीलाच करायची. भरतीला लाटा थेट वाटेवर येतात आणि तिथून माणसं वाहून गेलेली आहेत. कोकणातला जुना हिशेब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण ओहोटी साडेदहाच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरावा आणि पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावं, नंतर नाही. पंचमी ते नवमीच्या सकाळी बिनघोर. पौर्णिमा-अमावास्येला मात्र ऐन दुपारी भरती, तीही उधाणाची. होळीच्या दिवशी "सकाळी शिमगा, दुपारी हरिहरेश्वर" असा बेत यजमानांनी आखून दिला असेल तर त्यांनी समुद्राकडे बघून तो आखलेला नाही.

बाणकोटचा किल्ला, म्हणजे हिम्मतगड, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया, छोटा आणि आटोपशीर. जांभ्या दगडाची तटबंदी आणि वरून सावित्रीचं मुख. सकाळी पिल्लं बघून, चहा-घावन करून आठला निघावं, साडेनऊपर्यंत खाली. त्यानंतर जांभा तापतो आणि सावली फारशी नाही. गावातच नाना फडणवीसांचा पुतळा आहे. वेळास हे फडणवीसांचं मूळ गाव, येताजाता बघून होतो.

दक्षिणेकडची सहल, केळशी-आंजर्ले-हर्णै, यजमान "एका दिवसात होते" म्हणून सांगतात. होते, पण संध्याकाळची पिल्लं सोडून. हर्णैचा लिलाव दुपारी चारनंतर रंगात येतो आणि वेळासला टोपली उचलतात सहाला. मधला रस्ता वळणांचा, किलोमीटर थोडे आणि वेळ फार. दोन्ही गाठायच्या नादात दोन्ही हुकतात. ही सहल परतीच्या दिवशी ठेवावी: सकाळची पिल्लं, मग केळशीची महालक्ष्मी आणि वाळूची टेकडी, दुपारी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, चारला हर्णै आणि तिथून दापोलीमार्गे घर. कड्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो, त्यासाठी हवा स्वच्छ हवी. चैत्रात केळशीच्या देवीचा उत्सव असतो, तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही, पण दर्शनापेक्षा उत्सव बघायचा असेल तर तोच काळ. लिलावाला जाताना पायात धुता येणारं काहीतरी घालावं आणि बर्फाची पेटी आपली न्यावी. होळीच्या आसपास कोळी बांधव घरी असतात, तेव्हा किनारा रिकामा दिसला तर नवल नाही. आंजर्ल्यालाही कासवांची हॅचरी आहे. वेळासची घरं भरली असतील तर तिथे राहणं ही तडजोड मुळीच नाही, उलट लिलाव आणि पिल्लं दोन्ही आवाक्यात येतात.

मुक्कामाबद्दल थोडक्यात. जेवण हा बहुतेक घरांचा सर्वांत भक्कम भाग आहे: ओल्या काजूची उसळ, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. मासे हवे असतील तर बुकिंग करतानाच विचारावं, काही घरांत मत्स्याहार शिजत नाही. कमजोर भाग दोन. एका खोलीत किती माणसं हे आधी ठरवून न घेतल्यास दोन अनोळखी कुटुंबं एका माजघरात येतात, आणि शनिवारी सकाळी संडासापुढे रांग लागते. मोबाइलची रेंज बेभरवशाची, तेव्हा रोख रक्कम आणि पेट्रोल मंडणगडलाच घ्यावं. मार्चमध्ये कोणी पिकलेला हापूस पेटीभर देऊ करत असेल तर एखादा कापून बघावा. खरा माल एप्रिलमध्ये उतरतो. "पावसाळ्यातही या" या आमंत्रणाला हिरवा डोंगर बघायचा असेल तरच हो म्हणावं. हॅचरी तेव्हा नसते, समुद्रात उतरता येत नाही आणि जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असल्याने हर्णैलाही सामसूम.

परतीला फेरीबोट धरणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ यजमानांकडून नक्की करून घ्यावी आणि रविवारी दुपारी वेसवीच्या धक्क्यावर गाड्यांची रांग गृहीत धरावी. बोट चुकली तर म्हाप्रळ-आंबेतकडून मोठा वळसा पडतो. तिथल्या पुलाची दुरुस्ती अधूनमधून निघते, म्हणून तो चालू आहे का हेही त्याच फोनवर विचारावं.